तोंडात डाग निघाला, डॉक्टर ‘प्री-कॅन्सर’ म्हणाले. आता पुढं काय?

वरणगाव : “तोंड आखडलंय, प्री-कॅन्सर आहे, पुडी बंद करा, महिन्यानं दाखवायला या.” दवाखान्यात एवढंच कानावर पडतं, चिठ्ठी हातात येते आणि पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला जातो. बाहेर आलेल्या माणसाच्या डोक्यात मात्र त्यातला एकच शब्द उरतो, तो म्हणजे कॅन्सर. ‘प्री’ कुठं गळून पडला ते त्यालाही कळत नाही.

मग काही जण बस स्टॅण्डवरच मोबाईल काढून फोटो पाहायला लागतात. फोटोत शेवटच्या टप्प्याचे रोगी दिसतात, गाल फाटलेले, जबडा काढलेला. काही जण मोबाईल काढत नाहीत आणि कुणाला सांगतही नाहीत. चिठ्ठी खिशात घडी घालून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातात. दोन्ही प्रकारची माणसं बहुतेक वेळा एकच गोष्ट करतात, महिन्यानं दाखवायला जात नाहीत. या आजारात खरा धोका तिथंच आहे. डाग वेळेत सापडलेला असतो, पण भीतीपोटी माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

म्हणून आज या आजाराची माहिती एकेका प्रश्नाप्रमाणे घेऊ. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी तर शेवटपर्यंत वाचावं.

हा आजार नेमका कोणता?

हा एकच आजार नाही, बऱ्याच आजारांचं हे कुटुंब आहे. आपल्याकडं त्यातले चार जास्त दिसतात.

पहिला, तोंड आखडणं. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुरुवात जळजळीनं होते. ठेचा सोडा, साधी शेवभाजीसुद्धा तोंडाला झोंबते. हिवाळ्यात सगळे मळ्यात भरीत-पुरीवर ताव मारत असतात आणि हा बाजूला बसून दहीभात खातो. हळूहळू गालाच्या आतली कातडी पांढरट, ताठ होते, दोऱ्यासारखे पट्टे हाताला लागतात आणि तोंड उघडेनासं होतं. याचं मुख्य कारण सुपारी. मग ती गुटख्यातली असो, माव्यातली असो, की नुसती असो.

दुसरा, पांढरा डाग, म्हणजे ल्युकोप्लाकिया. गालाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा जिथं तंबाखूचा बार धरतात तिथं पांढरा चट्टा येतो. तो घासून निघत नाही आणि बहुतेकदा दुखतही नाही. दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षं तसाच राहतो.

तिसरा, लाल डाग, म्हणजे एरिथ्रोप्लाकिया. हा कमी लोकांत दिसतो, पण सगळ्यात जास्त जपायचं ते याला.

चौथा, लायकेन प्लानस. यात गालात जाळीसारख्या पांढऱ्या रेषा दिसतात. हा तंबाखू न खाणाऱ्यालाही होतो, याचा धोका बराच कमी.

हे आजार खेड्यापाड्यात पूर्वीपासून आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये घरोघर जाऊन १ लाख १ हजार ७६१ लोकांची तोंडं तपासली होती. तो अभ्यास १९७२ साली छापून आला. तेव्हा गुटख्याच्या पुड्या आल्या नव्हत्या, चुना-तंबाखू, बिडी आणि मिसरी होती. पुडी आल्यावर सुपारी पोरांच्या खिशात गेली आणि तोंड आखडलेले विशी-तिशीतले तरुण दिसायला लागले. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी घेऊन हातावर एकत्र करणारे आपण रोज पाहतो.

आणि एक गैरसमज इथंच काढून टाकू. “तंबाखू नाही खात भाऊ, नुसती सुपारी खातो” हे सुरक्षित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ साली छापलेल्या अहवालात सुपारी स्वतःच कॅन्सरला कारण ठरते असं स्पष्ट म्हटलं आहे. लहान पोरांच्या हातात गोड सुपारी देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

‘प्री-कॅन्सर’ म्हणजे कॅन्सरच ना?

नाही. हा शब्द ऐकला की वाटतं, आज प्री आहे, उद्या पक्का होणारच. तसं नसतं. या शब्दामुळं गैरसमज होतो हे डॉक्टरांनाही जाणवलं होतं. २००५ साली लंडनमध्ये जगभरातले तज्ज्ञ बसले आणि त्यांनी ‘प्री-कॅन्सर’ शब्द सोडून ‘कॅन्सर होण्याची शक्यता असलेले तोंडाचे विकार’ अशा अर्थाचं नाव सुचवलं. सगळ्यांना कॅन्सर होत नाही, हेच त्यामागचं कारण. पुस्तकातलं नाव बदललं, पण दवाखान्यात आणि गावात जुनाच शब्द चालू राहिला.

आपल्या भाषेत सांगायचं तर केळीच्या पानावर करप्याचा ठिपका दिसला म्हणजे बाग गेली असं कुणी म्हणत नाही. पण ठिपका दिसूनही जो बागेत फिरकत नाही, त्याची बाग जाऊ शकते. ठिपका दिसल्यावर शेतकरी काय करतो? ते पान काढतो, कारण शोधतो आणि पुढं दर आठवड्याला फेरी मारतो. इथंही तेच करायचं आहे. फक्त एक लक्षात ठेवायचं. तंबाखू-सुपारीचा रस सगळ्या तोंडाला लागलेला असतो. एका जागचा डाग काढला तरी दुसरीकडं नवा येऊ शकतो, म्हणून फेरी थांबवायची नाही.

शंभरातल्या किती जणांना पुढं कॅन्सर होतो?

रुग्णाला हा प्रश्न विचारायचा असतो, पण तोंडातून शब्द फुटत नाही. जगभरातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब २०२० साली मांडला गेला. सगळे प्रकार मिळून शंभरातल्या साधारण आठ जणांना पुढं कॅन्सर झाल्याचं त्यात दिसलं. प्रकाराप्रमाणे आकडा बदलतो. लायकेन प्लानसमध्ये शंभरात एक-दोन, तोंड आखडण्यात पाच, पांढऱ्या डागात नऊ-दहा आणि लाल डागात मात्र तेहतीस.

केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात तोंड आखडलेल्या ६६ जणांवर सतरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं होतं. त्यातल्या पाच जणांना कॅन्सर झाला, बाकीच्या ६१ जणांना झाला नाही.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायचे. शंभरातले नव्वदपेक्षा जास्त वाचतात, म्हणून मरणाची भीती घेऊन बसायचं कारण नाही. पण ते आठ कोण असतील हे आज कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तपासणी चुकवायची नाही. लाल डाग असेल, पांढऱ्यात लाल मिसळलेलं असेल, डाग कडक झाला असेल किंवा त्यातून रक्त येत असेल तर उद्या-परवा करू नका.

तुकडा काढला तर कॅन्सर पसरतो का?

“सुई लावली की पसरतं”, “लोखंड लागलं की भडकतं” असं पारावर हमखास कुणीतरी सांगतं. ते ऐकून माणसं बायोप्सीच्या तारखेला जात नाहीत. हे खरं नाही. तुकडा तपासल्यानं कॅन्सर होत नाही आणि साध्या डागाचा कॅन्सर बनत नाही. उलट वरून सारखे दिसणारे दोन डाग आतून वेगळे असू शकतात, आणि ते तुकड्याशिवाय कळत नाही.

काम तसं छोटं असतं. दात काढताना देतात तसं बधिर करण्याचं इंजेक्शन देतात आणि डाळीच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. लागला तर एखादा टाका घालतात. माणूस त्याच दिवशी घरी येतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा शुगर असेल तर आधी सांगायचं.

रिपोर्ट यायला काही दिवस लागतात आणि सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतो तो याच दिवसांत. म्हणून निघतानाच विचारून घ्या की रिपोर्ट कोणत्या तारखेला मिळेल, कुणाकडून घ्यायचा आणि समजावून कोण सांगेल. तारीख माहीत असली की रोजची घालमेल कमी होते.

रिपोर्टवरचे शब्द कसे वाचायचे?

रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि शिकलेल्या पोरालाही तो नीट कळत नाही. नेहमी येणारे चार शब्द असे.

‘हायपरकेरॅटोसिस’ म्हणजे कातडीचा वरचा थर जाड झालाय. घट्टा पडतो तसं समजा.

‘नो डिसप्लेशिया’ म्हणजे तपासलेल्या तुकड्यात पेशींची मांडणी बिघडलेली नाही. ही चांगली बातमी, पण सवय सोडायचीच आणि फेरी चालू ठेवायची.

‘डिसप्लेशिया’ म्हणजे पेशी बिघडायला लागल्या आहेत. त्यापुढं सौम्य, मध्यम किंवा तीव्र असं लिहिलेलं असतं. हाही कॅन्सर नाही. पण मध्यम किंवा तीव्र असेल तर डाग काढायचा की कसं, हे डॉक्टरांशी लगेच ठरवायचं.

‘कार्सिनोमा’ हा शब्द असेल तर तो कॅन्सर. त्यातही सुरुवातीच्या टप्प्यात सापडला तर इलाज चांगला होतो. अशा वेळी एक आठवडाही वाया घालवू नका.

रिपोर्टचा फोटो गावातल्या ग्रुपवर टाकू नका. दहा जण दहा सल्ले देतील आणि तुमचं नाव गावभर होईल.

इतकी वर्षं खाल्ली, आता सोडून काय उपयोग?

उपयोग आहे. एर्नाकुलममध्येच १२ हजारांहून जास्त तंबाखू वापरणाऱ्यांवर दहा वर्षं अभ्यास झाला. ज्यांनी तंबाखू सोडली त्यांच्यात नवे पांढरे डाग येण्याचं प्रमाण बरंच घटलं. काहींचा जुना पांढरा डाग तंबाखू सोडल्यावर काही महिन्यांत फिका पडतो किंवा जातोही.

तोंड आखडण्याचं मात्र खरं सांगितलं पाहिजे. ताठ झालेली कातडी आपोआप पहिल्यासारखी होत नाही. पण सुपारी बंद केली तर जळजळ कमी होते, आखडणं वाढायचं थांबू शकतं आणि तोंड उघडायचे व्यायाम रोज केले तर फरक पडतो. डॉक्टर गोळ्या देतात, काहींना गालात इंजेक्शनं देतात. फारच कमी तोंड उघडत असेल तर ऑपरेशन करतात. ऑपरेशननंतरही व्यायाम महिनोन्‌महिने करावा लागतो, नाहीतर तोंड पुन्हा आखडतं. “आठ दिवसांत तोंड उघडा” असल्या जाहिरातींवर पैसे घालवू नका.

सोडल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, डोकं दुखतं, कामात लक्ष लागत नाही. कित्येकांना वाटतं आजारच वाढला, आणि ते परत पुडीकडं वळतात. हा आजार नव्हे, तलफ आहे. ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, जागेवरून उठा. मदत लागली तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी फोन नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

मिसरी लावणाऱ्या आई-बहिणींनाही हे सगळं लागू आहे. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायच्या नावाखाली दिवसातून चार वेळा लावली तरी ती तंबाखूच राहते.

भीतीचं काय करायचं?

या आजाराचा त्रास तोंडापुरता नसतो. हैदराबादच्या रुग्णांशी बोलून संशोधकांनी २०१७ साली वीस प्रश्नांची एक यादी तयार केली. या रुग्णांचं रोजचं जगणं किती बिघडलंय ते त्यातून मोजता येतं. त्यात खाण्या-बोलण्याच्या अडचणींबरोबर मनाचा त्रास आहे, लोकांत मिसळण्याचा त्रास आहे, निदान होईपर्यंतची फरपट आहे आणि औषधोपचाराचा ताणही आहे. म्हणजे घाबरणं हा दुबळेपणा नाही, आजाराचाच तो एक भाग आहे.

आपल्याकडं त्यात आणखी भर पडते. पोरीची सोयरीक जमायची आहे, बाहेर कळलं तर? मजुरीला बोलावणारा मालक उद्या बोलावणं बंद करेल का? म्हातारपणी पोरांवर खर्च टाकायचा का? हे प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नसतात. रात्री अंथरुणावर पडलं की येतात.

दिवसातून दहा वेळा टॉर्च लावून आरशात तोंड पाहायचं, सारखं जिभेनं डाग चाचपायचा, हे बंद करा. महिन्यातून एकदा ठरवून पाहा. चांगल्या उजेडात दोन्ही गालांच्या आत, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली आणि ओठांच्या आत पाहायचं. आपलीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का तेही पाहायचं. डागाचा मोबाईलवर फोटो काढून तारीख लिहून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवायला कामी येतो आणि “वाढलाय की काय” हा घोळही मिटतो.

पंधरा दिवस झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, सारखं रडू येतं किंवा जगून काय करायचं असे विचार येतात, असं असेल तर १४४१६ या टेलिमानस नंबरवर बोला. मराठीतही बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही, फुकट.

घरच्यांसाठी एकच सांगणं. “बघ, सांगत होतो ना, खा आणखी!” हे वाक्य गिळून टाका. ते खरं असलं तरी त्यानं माणूस आणखी लपवायला लागतो. त्यापेक्षा “तारखेला मी येतो संगं” एवढं म्हणा. दोघं गेलं तर डॉक्टरांचं बोलणं एकाच्या नाही तर दुसऱ्याच्या लक्षात राहतं.

कुठं दाखवायचं?

सगळ्यांनी उठून मुंबई गाठायची गरज नाही. तोंडातली जखम, डाग किंवा गाठ दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर आधी जवळच्या आरोग्य उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर दाताच्या डॉक्टरांना दाखवा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी करणं हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे. आशाताई फॉर्म भरायला घरी येते तेव्हा तंबाखूच्या प्रश्नाला “नाही खात” म्हणून तिला वाटेला लावू नका.

नुसत्या डोळ्यांनी तोंड पाहण्यानं काय होतं, असं वाटेल. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी असंच तोंड तपासलं. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू त्यामुळं सुमारे एक तृतीयांशानं घटले. २००५ साली तो अभ्यास जगापुढं आला.

पुढची तपासणी लागली तर जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कान-नाक-घसा किंवा दंत विभागात जायचं. कॅन्सरच निघाला तर परळचं टाटा रुग्णालय आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. जाताना रेशन कार्ड, आधार कार्ड आणि जुने सगळे कागद एका पिशवीत ठेवा.

डॉक्टरांना हे सात प्रश्न विचारा

समोर गेलं की प्रश्न विसरतात, म्हणून कागदावर लिहून न्या किंवा हीच बातमी उघडून दाखवा.

१. माझ्या आजाराचं नाव काय? कागदावर लिहून द्याल का?
२. हा आज कॅन्सर आहे का?
३. तुकडा तपासायची गरज आहे का? असेल तर कधी, नसेल तर का नाही?
४. हा कशामुळं झाला आणि मी काय काय बंद करायचं?
५. इलाजानं काय सुधारेल आणि काय सुधारणार नाही?
६. कोणतं लक्षण दिसलं तर तारखेची वाट न पाहता यायचं?
७. पुढची तारीख कोणती?

गर्दीत डॉक्टरांना वेळ कमी असतो हे खरं, पण हे सात प्रश्न पाच मिनिटांत होतात. विचारायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. आणि सातव्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहिता तिथंच, मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. डाग गेलेला दिसला तरी त्या तारखेला जायचंच.